सावलीतला निळा

चित्रकलेच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण चुका काढण्यातून काही निवृत्त झाल्या नाहीत. लेकीच्या नव्या घरासाठी त्या पांढरी लिली रंगवत होत्या आणि लेक महिनाअखेरीस चित्र न्यायला येणार होती. फोटो लेकीनेच पाठवलेला. बाईंनी तो मोठा छापून घेतला, त्यावर चौकटी आखल्या, तशाच कॅनव्हासवर आखल्या आणि पाकळी न पाकळी उतरवली. नुसता पांढरा फासला की फूल चुन्यात बुडवल्यासारखं दिसतं, सावलीत थोडा निळा हवाच, हे त्यांना तोंडपाठ. पण कालवलेल्या रंगात निळा दिसेचना, म्हणून दिसेपर्यंत घालत गेल्या.

"कसं झालंय हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगदी फोटोसारखं," पेपरमधून मान वर करून ते म्हणाले.

मग ठरल्याप्रमाणे बाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला; डाव्यातला अजून तसाच होता. डॉक्टरांनी ब्रश धरायची परवानगी दिली, त्या सकाळी त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि हबकल्याच. लिली कसली, नीळ जास्त झालेलं धुणं! त्यांनी उजवा डोळा झाकला, तर फूल पांढरं. डावा झाकला, तर निळंशार. फोटोतली सावली मात्र जेमतेम करडी होती. त्या तरातरा बाहेरच्या खोलीत गेल्या. भिंतीवरचा, गेल्या वर्षी रंगवलेला पांढरा गुलाबही निळाच.

"अहो, हे निळं आहे!"

"हो."

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारायचीस ते काय उत्तरासाठी?" ते शांतपणे म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायला जागा नव्हती. लग्नानंतर एकदा नवऱ्याने त्यांच्या एका चित्रातलं आभाळ फार गडद झाल्याचं सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी असा काही वर्गातला आवाज लावला, की तेव्हापासून प्रत्येक चित्र अगदी फोटोसारखं होत आलं. म्हणजे आजवरचं सगळं कौतुक फुकट. बाईंना रडू आलं, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रडलेलं चालतं का, हे विचारायचंही राहून गेलं होतं.

तैलरंग लवकर सुकत नाही, एवढंच नशीब. बाईंनी सुरीने सगळ्या सावल्या खरवडून काढल्या. पण एक डोळा एक सांगे, दुसरा भलतंच. शेवटी त्यांनी स्टूल ओढलं.

"बसा इथे."

त्यांनी नवा रंग कालवला आणि फोटोवरच्या सावलीशेजारी एक टिपका लावला.

"निळं आहे?"

नवऱ्याने टिपक्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"माझ्याकडे काय बघताय? रंगाकडे बघा."

"आहे," ते चाचरत म्हणाले. "बरंच."

बाईंनी टिपका पुसला, पुन्हा कालवलं.

"आता?"

"अजून आहे."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटच्या टिपक्याला ते चष्मा वर करून वाकले आणि उठेचनात. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिलेल्या बाई त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"आता जमलं," ते म्हणाले, आणि बाईंना ते खरंच वाटलं. मग ते कॅनव्हासकडे वळले. "पण ही वरची पाकळी वाकडी आहे."

बाईंनी वर्गातल्या आवाजासाठी तोंड उघडलं.

"कुठून?" त्यांनी विचारलं.