मामा येईपर्यंत

माझा धाकटा भाऊ लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो. मी त्याच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांचे ओले सूट धुवायचे, वाळत घालायचे, फाटले तर शिवायचे. माझ्या लेकीचं नाव त्याने लहानपणीच घोरपड ठेवलं होतं. तो निघाला की ती त्याच्या पायाला मिठी मारायची आणि काही केल्या सुटायची नाही. त्याला त्याचं कोण कौतुक. तिला सोडवता सोडवता उशीर मात्र मला व्हायचा.

मोठी होऊन ती त्याच्याकडेच शिकायला गेली, यात नवल नव्हतं. पोहण्याच्या तलावात चांगली तयार झाली. मग समुद्राची पाळी आली.

शिकाऊ लोक समुद्रात उतरतात तेव्हा पुढे एक शिक्षक आणि मागे एक मदतनीस असतो. कुणाचं काही बिघडलं तर एकाने त्याला वर न्यायचं, दुसऱ्याने बाकीच्यांजवळ थांबायचं. त्या दिवशी मदतनीसाला सर्दी झाली होती, कान गच्च, आणि तशा कानांनी खाली जाता येत नाही. मी भावाला म्हटलं, "मग आज राहू दे ना."

"ताई, सगळे सूट चढवून बसलेत. पाणी उथळ आहे. आणि मी आहे ना."

मी आहे ना. एवढ्या बोलण्यावर आमचं अख्खं घर चालत आलं आहे.

खाली एकाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि तो बिथरला. भावाने बाकीच्यांचे हात नांगराच्या दोरीवर ठेवले, थांबायची खूण केली आणि त्याला धरून वर नेलं. होडीत त्याने सगळ्यांना बजावलंच होतं, "मी येईपर्यंत दोरी सोडायची नाही." वर तो बिथरलेला उलट्या करायला लागला, प्रवाहाने दोघं होडीपासून लांब गेले, आणि भावाला लगेच परत खाली जाता आलं नाही. बाकीच्यांनी वाट पाहिली आणि शेवटी ते आपली अक्कल वापरून वर आले. त्यांनी तिलाही खुणावलं होतं. तिने नाही म्हणून मान हलवली.

हवेचा काटा लाल पट्ट्यात गेला की वर यायचं, हे तिला शिकवलेलं होतं. पण ते पुस्तकातलं होतं आणि हे मामाने सांगितलेलं. मामा खाली पोचला तेव्हा तिच्या टाकीतली हवा संपली होती. बोटं दोरीवर तशीच होती.

ती वाचली, असं डॉक्टर म्हणतात. डोळे उघडे असतात, ओळख नसते. फक्त उजव्या हातात जे येईल ते घट्ट धरते. चादर, नळी, माझं बोट. नर्सबाई येतात आणि बोटं एकेक करून सोडवतात. ते ती मुद्दाम करत नाही, तान्हं बाळही असंच धरतं, असं डॉक्टरांनी मला समजावलं. त्यांना कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांना आमची घोरपड कुठे माहीत होती? मला वाटायचं, पोरगी अजून वाट बघतेय. ज्याने धरायला सांगितलं त्यानेच येऊन सोड म्हटलं की सोडेल, आणि सोडलं की वर येईल. वेडी म्हणा मला, पण मी त्याच आशेवर दिवस काढत होते.

भाऊ येईना. फोन केला की "येतो ताई" म्हणायचा. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते तोंड बघायचं नव्हतं. पण अडलं माझं होतं. शेवटी मीच जाऊन त्याला हाताला धरून आणलं.

तो खाटेशी उभा राहिला. किती वाळला होता.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"तिला सांगायचं राहिलंय ते."

तो वाकला तशी तिच्या हाताला त्याची बाही लागली आणि तिने ती पकडली. "घोरपडे, आलो गं मी," तो म्हणाला. "सोड आता."

मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग पाण्याखाली करतात तशी अंगठ्याने वर चलायची खूण केली. तिने डोळे मिटले, उघडले. ते आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते. बाही मुठीतच होती. डॉक्टर खरं बोलत होते. भाऊ रडला, मीही रडले, आणि मग रडण्यासारखंही काही उरलं नाही.

त्याचा फोन वाजला. "निघायला हवं, ताई. होडी थांबलीय."

"नवे शिकाऊ?"

"हो."

"मागे कोण आहे?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "तो मदतनीस काम सोडून गेला. दुसरा मिळेपर्यंत चालवतोय कसंतरी. पाणी उथळच आहे, ताई. मी आहे ना."

त्याने जायला पाऊल उचललं, पण बाही अडकलेली होती. नर्सबाई जवळ नव्हत्या. मग त्यानेच तिची बोटं एकेक करून सोडवली, बाही नीट केली आणि जिना उतरून गेला.