फळी कोणी हलवली?

साखरेची बरणी हाताला लागेना, त्या सकाळी टेपबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ओट्यावरच्या त्या फळीवरून बावीस वर्षं त्या डोळे मिटून बरणी काढत आल्या होत्या. आता टाचा उचलल्या, कंबर ताणली, तरी बोटं बरणीच्या बुडाला नुसती चाटून परत येत होती. फळी वर गेली होती. फळ्या आपणहून चढत नसतात, कोणीतरी चढवाव्या लागतात, आणि घरात ड्रिल एकाच माणसाकडे होतं.

ते माणूस म्हणजे सून. लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाकघराची मापं घ्यायची आणि कारखान्यातून त्याबरहुकूम कपाटं करवून आणायची, हे तिचं काम. तिच्या पर्समध्ये रुमाल नसला तरी चालेल, पण पोलादी टेप हवीच. ती ओढून सोडली की खट्‌कन आत जायची आणि बाईंच्या कपाळावर आठी उठायची. बाई स्वतः एक्केचाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवत होत्या. गळ्यात कायम कापडी टेप, म्हणून पाठीमागे सगळे टेपबाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. त्यांचा सगळा जन्म इंचांत गेलेला, सुनेचा मिलिमीटरमध्ये. सूनच अचूक आणि आपण अंदाजपंचे, असं कोणी म्हणालं नव्हतं, पण बाईंना ते ऐकू यायचं.

खरं तर हे आजचं नव्हतं. मागच्या थंडीतही फळी अशीच वर गेली होती. तेव्हा बाई आठ दिवस बहिणीकडे जाऊन आल्या, तर फळी पुन्हा हाताला लागायला लागली. चोर घाबरला, असा त्यांनी अर्थ काढला. त्याच दिवशी ओट्याच्या कडेला, भिंतीलगत, चिमूटभर पांढरी भुकटी सापडली. त्यांनी बोटावर घेऊन पाहिली, तर भिंतीचाच चुना. म्हणजे ड्रिल चाललं होतं. बाईंनी ती भुकटी कागदाच्या पुडीत बांधून काज-बटणांच्या डब्यात ठेवली. पुरावा हाताशी असलेला बरा.

आणि आता पुन्हा तेच. बाईंना हेतूही दिसत होता. आधी म्हातारीला बरणी पोचत नाही, मग म्हातारीला स्वयंपाक झेपत नाही, मग म्हातारीला समोरची दुकानाची खोली कशाला हवी, शिलाई मशीन आता बंदच करा ना आई. हळूहळू, एकेक बोट. बाई डोळ्यांत तेल घालून राहू लागल्या. सुनेने न्हाणीघरातला आरसा पुसला तरी त्या जाऊन खिळा हललाय का ते बघून यायच्या.

त्यातून गोळ्यांचं प्रकरण निघालं. बाईंना पित्ताचा त्रास जुना. घशाशी आंबट यायचं, रात्री छातीत जळायचं. कोण्या एका डॉक्टरने दीड महिन्यासाठी म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली होती. डॉक्टर गाव सोडून गेला, गोळी राहिली. कोपऱ्यावरचा औषधवाला आता कागदही मागत नसे, बाई दिसल्या की पाकीट काढून ठेवायचा. गोळी चुकली की जळजळ दुप्पट, म्हणून बाई ती कधी चुकवत नसत. दूध सोसत नाही म्हणून तेही कधीचं बंद. सुनेने एकदा रिकामं पाकीट हातात घेऊन विचारलं होतं, ही गोळी अजून चालूच आहे का, किती वर्षं झाली. बाई म्हणाल्या, तुझ्या लग्नाच्या आधीपासून, तुझ्यामुळे नाही लागली. नंतर सुनेने कॅल्शियमच्या पांढऱ्या मोठ्या गोळ्या आणून दिल्या. बाई त्या सकाळी पित्ताच्या गोळीबरोबरच गिळून टाकायच्या, पण पाकिटावरची तारीख दोनदा वाचून.

एकदा तर सून म्हणाली, "आई, तुम्ही अलीकडे वाकून चालता. पाठ दाखवून येऊ या का?" बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मशीनवर वाकून वाकून ज्या बाईने घर उभं केलं तिची पाठ दुखणार नाही तर काय नाचणार? मला म्हातारी ठरवायची एवढी घाई का तुला, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. त्यानंतर सुनेने पाठीचा विषय काढला नाही.

बरणी हाताला न लागल्याच्या संध्याकाळी बाईंनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. जेवायला बसल्यावर सरळ विचारलं की फळी कोणी वर नेली. मुलगा ताटात बघत राहिला, तो जन्मभर ताटातच बघत आलेला. सून म्हणाली, "फळी मी वर नेलेली नाही, आई." बाईंच्या कानांनी तो ‘वर’ नेमका टिपला. हलवली नाही असं ती म्हणाली नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं. बाईंनी उठून डब्यातली पुडी आणली, ताटाशेजारी उघडली आणि मुलाला सांगितलं की या घरात एक तर ते ड्रिल राहील नाहीतर मी. सुनेने पुडीकडे पाहिलं आणि ती ताटं उचलायला लागली.

मुलगा भांडणारा नव्हता. आठवड्यात त्याने पलीकडच्या वस्तीत एक खोली बघितली, पहिल्या तारखेला जायचं ठरवलं. पुठ्ठ्याची खोकी आली. बाई जिंकल्या होत्या, पण खोकी दिसली की त्या वाट बदलून जायच्या. एकुलता एक मुलगा होता आणि तो चिकटपट्टीने स्वतःची पुस्तकं बांधत होता. आपण चुकलो असू का, हा विचार एकदाही त्यांच्या मनात आला नाही. पुरावा होता ना.

तारखेला चार दिवस राहिले असताना बाई स्वतःसाठी गाऊन शिवायला बसल्या. घर रिकामं होणार, तर हातांना काम हवं. स्वतःचं माप त्या कधी घेत नसत, घेऊही देत नसत. मशीनशेजारी एका लोखंडी दांड्यावर कापडी पुतळा उभा होता, अंगावर कपडा बसवून बघायचा. दुकान काढलं त्या वर्षी बाईंनी तो स्वतःच्या अंगाबरहुकूम लावून घेतला होता. खांदा, छाती, कंबर आणि उंची, पाच फूट दोन इंच. मधे एकदा एका गिऱ्हाइकाने गंमत म्हणून दांड्याचा स्क्रू फिरवला आणि अख्खा कपडा बिघडला. तेव्हापासून बाईंनी स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका देऊन तो बंदच करून टाकला होता. कंबरेत त्या सुटल्या तेव्हा पुतळ्याच्या पोटाला कापूस बांधला, पण दांड्याला हात लावला नाही. माणूस आडवं वाढतं, उभं तेवढंच राहतं, असा त्यांचा हिशेब.

गाऊन पुतळ्यावर झकास बसला, घोटा झाकून जमिनीला टेकता टेकता राहील असा. बाईंनी तो अंगात घातला आणि दोन पावलं टाकली, तर पाय कापडात अडकला. घेर जमिनीवर लोळत होता, चांगला तीन बोटं.

बाईंच्या अंगाची आग झाली. म्हणजे आता पुतळाही. फळी झाली, आरसा झाला, आता माझ्या पोटापाण्याच्या वस्तूला हात घातला हिने. गाऊन दोन्ही मुठींत उचलून धरून त्या तशाच पुतळ्यामागे गेल्या, चष्मा नाकावर ढकलला आणि गुडघ्यावर हात टेकून स्क्रूकडे पाहिलं.

लाल ठिपका जागच्या जागी होता. धूळ बसलेली, कडा जराही उडालेली नाही. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं. स्क्रू फिरवला असता तर ठिपका फुटलाच असता, त्याचसाठी तर दिला होता. ठिपका त्यांच्याच हातचा होता.

पुतळा वाढला नव्हता. बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी पुतळ्याच्या खांद्याला खांदा लावून पाहिला. त्यांचा खांदा खाली होता.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. काय बघायचं ते त्यांना कळलं होतं, आणि ते बघायला मन धजत नव्हतं. स्टूल ओढलं, भिंतीला धरत वर चढल्या. फळीच्या वर, चार बोटांवर, भिंतीत दोन गोल ठिगळं होती. भोकं बुजवून वरून रंग दिला होता, पण रंग जरा नवा. बावीस वर्षं फळी तिथे होती. ती कोणीतरी खाली आणली होती, चार बोटं खाली, आणि तरीही बरणी बाईंच्या हाताला लागत नव्हती.

"आई." मागे सून उभी होती, हातात चिकटपट्टी. तिने आवाज अगदी बेताचा ठेवला होता. "हलू नका. आधी माझ्या खांद्यावर हात ठेवा, मग पाय खाली."

बाई उतरल्या. उतरताना पाठीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्या तिच्या खांद्याला घट्ट धरून राहिल्या. स्टुलावर बसल्यावर त्यांनी भिंतीकडे बोट केलं आणि विचारलं, कधी.

"तुम्ही मावशींकडे गेला होतात तेव्हा," सून म्हणाली. "लोकांच्या घरी ओट्याची आणि फळीची मापं मी रोज घेते, आई. कोणाचा हात कुठवर पोचतो ते बघणं हेच माझं काम. तुमचा हात खाली येत चालला होता. सांगितलं तर तुम्ही रागावला असतात, म्हणून भोकं बुजवली."

"रागावलेच असते," बाई म्हणाल्या. त्यांना शरम वाटली, इतकी की पदरात तोंड लपवायचं म्हटलं तर अंगात गाऊन. त्या पुडीतली भुकटी त्यांना आठवली, जेवणाच्या ताटाशेजारी मांडलेली. या मुलीने तेव्हाही ताकास तूर लागू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. सून केसपेपर काढायच्या रांगेत असताना आत नर्सने बाईंना भिंतीशी उभं करून उंची मोजली. बाईंनी इंचांतच सांगायला लावली. चार फूट सव्वाअकरा. पट्टी तिरकी लावलीय का, असं त्यांनी विचारून पाहिलं. नर्स म्हणाली, भिंत सरळ आहे. पाठीचे एक्स-रे फोटो काढले, हाडांची तपासणी झाली. डॉक्टरणीने फोटोवर दोन मणके दाखवले, पुढच्या बाजूने दबलेले. पडणं नाही, लागणं नाही, आतल्या आत बसलेले. वय आहे, पाळी जाऊन वर्षं झाली, ते आहेच, ती म्हणाली, आणि मग तिने पोटाचं विचारायला सुरुवात केली. बाईंना वाटलं डॉक्टरीण भलतीकडेच चालली, पाठ दाखवायला आलो तर ही पोट विचारतेय. डॉक्टरणीने सांगितलं की पोटातल्या ज्या आम्लाला तुम्ही शत्रू समजता त्याचं कामही असतं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होतं, आणि अशा बायकांची हाडं मोडण्याचं प्रमाण जरा जास्त दिसतं. दूध बंद, आणि कॅल्शियमची ती पांढरी गोळी विरघळायला आम्लच लागतं. उपाशीपोटी, पित्ताच्या गोळीबरोबर घेतलेली, तिचा फारसा उपयोग झाला नसणार. सगळं खापर एका गोळीवर फोडता येणार नाही, पण दीड महिन्याची गोळी कोणी इतकी वर्षं तपासलीच नाही, हे काही बरं झालं नाही. एकदम बंद करू नका, पोट तपासून हळूहळू कमी करू, असं म्हणून तिने दुसऱ्या जातीचं कॅल्शियम आणि हाडांचं औषध लिहून दिलं. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग पहिल्यांदाच तो स्वतःच्या पिशवीत न ठेवता सुनेकडे दिला.

घरी आल्यावर चहा झाला. मुलगा उरलेली खोकी बांधायला उठला. बाई त्याच्याकडे न बघता सुनेला म्हणाल्या, "फळी आणखी दोन बोटं खाली घे. आणि पुढेही घ्यावी लागेल कधी. त्यासाठी दर वेळी त्या पलीकडच्या वस्तीतून कोण येणार?"

मुलाने ताटात बघायची सवय म्हणून खोक्यात बघितलं. सुनेने त्याच्या हातातून चिकटपट्टी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांना दाभणाने जाड कापड शिवण्याइतके जड गेले. मग लगेच, कोणी उत्तर द्यायच्या आत, त्यांनी गळ्यातली टेप काढून सुनेपुढे धरली. गाऊन लांब झालाय, कापायचा आहे, माप घे. आणि तुझी ती पोलादी पट्टी नको.

दाराच्या चौकटीशी बाई उभ्या राहिल्या, टाचा मागे, मान सरळ. सुनेने त्यांच्या डोक्यावर पुस्तक टेकवून पेन्सिलची रेघ ओढली, बाई बाजूला झाल्यावर टेप जमिनीपासून वर नेली, आणि रेघेपाशी तिची बोटं जरा थबकली. बाई कोणाच्याही बोटांकडे बघूनच चोरी ओळखत.

"पाच फूट," सून म्हणाली. "फार नाही कमी झालं, आई."

पाऊण इंच तिने खिशातून घातला होता. बाईंना तो सरळ दिसत होता. गिऱ्हाइकाच्या मापात असा पाऊण इंच कोणी घातला असता तर त्यांनी टेप हिसकावून घेतली असती. त्यांनी मापाची वही उघडून सुनेपुढे ठेवली.

"लिही," त्या म्हणाल्या. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चुकीचं माप वहीत जाऊ दिलं.