मालकीण जिच्यावर बसत नाही ती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. वेताची बैठक, दोन्ही बाजूंना भक्कम हात आणि पाठीवर सुताराने हौसेने कोरलेली एक वेल, असा माझा थाट. आता वेत मधोमध खाली गेला आहे, वेलीची निम्मी पानेही झिजली आहेत, पण मी अजून कुरकुरत नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि त्यांना त्याचे काही वाटतही नाही. मला वाटते.

माझे लाकूड डांगच्या जंगलातले. सुरतेच्या कतारगाममध्ये एका सुताराने मला घडवले, तेही खास मागणीवरून. जवळच्याच हिऱ्यांच्या कारखान्यातल्या शेठना बसायला ऐटदार खुर्ची हवी होती. तिथे कारागीर घंटीभोवती मांडी घालून बसत. हिरे घासायच्या चक्राला तिथे घंटी म्हणतात. ते सगळे खाली आणि शेठ माझ्यावर. शेठ गावाला गेले तरी मला पुसणारा शिपाई माझ्यावर टेकायचा नाही. इकडे तिकडे बघून नुसता हात फिरवायचा. त्यावरून मी एक सरळ हिशेब मनाशी पक्का केला, की जो माझ्यावर बसतो तो मालक. माझ्या बुद्धीला तेवढे पुरत होते.

मग हिऱ्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली. कारखान्याला कुलूप लागले आणि मी एका भंगारवाल्याच्या वाड्यात जाऊन पडले. डोक्यावर मोडका कूलर, शेजारी गंजलेले पंखे आणि वर बसायला कबुतरे. कोणे एके काळी शेठ बसायचे तिथे काय काय पडायचे, ते न सांगितलेलेच बरे. कोणी विचारणारे उरले नाही, की लाकूड आतून लवकर सुकते. मीही आशा सोडली होती.

एके दिवशी लोटूदादा आले. अमळनेरकडचा हा माणूस तरुणपणी सुरतेला आला आणि त्याने सारी उमर कापडाच्या मागावर काढली. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान मंदावले होते आणि उभे राहून राहून गुडघे गेले होते. त्यांनी मला उलटी करून पाहिले, ठोकून पाहिले, भंगारवाल्याशी मनसोक्त हुज्जत घातली आणि खांद्यावर घेऊन निघाले. मला त्यांनी स्वतःसाठी घेतले नव्हते. धाकट्या भावाची बायको सुवर्णा हिने सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागामागे एक गाळा घेऊन शिलाईचा कारखाना टाकला होता. मालकीण झाली आहे तर तिला खुर्ची हवी, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

सुवर्णाने मला पाहिले, वेलीवरून बोट फिरवले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. पण ती बसली नाही. खानदेशातून आलेल्या त्या घरात थोरल्या दिरासमोर सून खुर्चीवर बसत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि उभ्यानेच बोलायचे, ही रीत. मागावरून सुटलेले लोटूदादा तर दिवसभर गाळ्यातच असायचे. तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांचे निमित्त करून तिने त्यांनाच माझ्यावर बसवले आणि आपण कापड कापायच्या टेबलाशी उभी राहिली. ती तिथेच उभी राहिली, वर्षानुवर्षे.

सुरुवातीला ती बाजारातून परकर शिवायला आणायची. कापड देणारे व्यापारी दारात येऊन आधी आत डोकावायचे आणि घरातला पुरुष कोण आहे ते विचारायचे. एकदोघांनी नुसती बाई दिसली म्हणून काम न देताच पाठ फिरवली. शेवटी तिनेच लोटूदादांना सांगून ठेवले, की कोणी आले तर तुम्हीच मालक म्हणा, म्हणजे कटकट नको. लोटूदादांनी ते काम इतक्या मनापासून केले, की विचारू नका. कोणी उंबऱ्यावर पाय ठेवला की ते पाठ ताठ करत आणि खणखणीत आवाजात आपण मालक असल्याचे जाहीर करत. मंद कानांची माणसे मोठ्याने बोलतात, त्यामुळे ते शेजारच्या गाळ्यालाही कळायचे.

हळूहळू ते शब्दही देऊ लागले. गावाकडचा कोणी भेटला की चहा व्हायचा आणि चहासोबत एखाद्या कामाचा होकार जायचा. तोही घरी कोणाला विचारून नव्हे, इथेच, माझ्यावर बसून. सुवर्णाने त्यांचा शब्द एकदाही खाली पडू दिला नाही. बायांना जादा थांबवायची, स्वतः यंत्रावर बसायची, पण काम पुरे करून द्यायची. दिराची मान बाहेर खाली जायला नको, एवढेच तिचे म्हणणे. मला तर वाटायचे, कारखाना असाच चालतो.

पण परकरांचे काम हंगामी. लग्नसराई सरली की यंत्रांवर कापड टाकून ठेवावे लागायचे आणि धुरपदाबाईंसारख्या बाया रोज दारात येऊन काम आले का विचारायच्या. धुरपदाबाई पहिल्या दिवसापासून सुवर्णाजवळ शिवणाऱ्या. त्यांना उत्तर देताना सुवर्णा खाली बघायची. तशात सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका मोठ्या कारखान्याने आपल्या कामगारांचे गणवेश महिलांच्या मालकीच्या उद्योगाकडून शिवून घ्यायचे ठरवले. काम बारमाही. पुढे सरकारी खात्यांचीही दारे उघडली असती. अट एकच होती. उद्योग बाईच्याच मालकीचा आहे, असे प्रमाणपत्र हवे.

मित्रांनो, ते प्रमाणपत्र मिळवायला तिने जे केले ते मी या कोपऱ्यातून पाहिले आहे. उद्यम नोंदणी, बँकेची पत्रे, भाडेकरार, सगळ्यांवर नाव तिचे आणि सही तिची. एक कागद झाला की दुसरा कमी निघायचा. नातेवाइकांनी वेड्यात काढले. तिचा नवरा प्रशांत मागावरून थकून यायचा आणि झेरॉक्सच्या दुकानात रांग लावायचा. पण कागदांवर भागणारे नव्हते. कारभार खरेच बाईच्या हातात आहे की पुढे बाई आणि मागे पुरुष, ते बघायला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे माणूस प्रत्यक्ष येणार होते. सुवर्णाने ठरवून टाकले होते. हे काम ती मिळवणारच होती.

तो दिवस आला. गाळा झाडून लख्ख केला होता, आग विझवायच्या वाळूची बादली भरली होती, बायांना कोणी काय सांगायचे ते समजावून झाले होते. फक्त लोटूदादांना काही सांगायचे राहून गेले. ते रोज जे बोलायचे ते तिला आता ऐकूच येत नसे, यंत्राच्या घरघरीसारखे झाले होते. आणि नेमकी सुवर्णा मागच्या बाजूला पाण्याचे बघायला गेली असताना हेतलबेन दारात उभ्या राहिल्या. संस्थेच्या तपासनीस. शांत चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मालक कोण म्हणून विचारले.

लोटूदादांनी पाठ ताठ केली. त्या दिवशी ती माझ्या वेलीला जरा जास्तच घट्ट टेकली. त्यांनी नेहमीप्रमाणे मालक म्हणून आपले नाव सांगितले, वर बायांवर आपलेच लक्ष असते हेही जोडले. आपण मदत करतो आहोत, अशी त्यांची बालंबाल खात्री होती. सुवर्णा ओल्या हातांनी धावत आली तोवर हेतलबेन लिहायला लागल्या होत्या.

आपणच तसे सांगून ठेवले होते, हे तिने जीव तोडून सांगितले. हेतलबेननी ऐकून घेतले. मग त्यांनी गाळ्यावरून नजर फिरवली आणि विचारले, "मालकिन आप हैं, तो आपकी जगह कौनसी है? आप बैठती कहाँ हैं?"

"मी यांच्यासमोर बसत नाही," सुवर्णा म्हणाली. "आमच्यात तशी रीत आहे. हमारे में ऐसाइच है, मॅडम."

"आपका आदर मैं समझती हूँ. लेकिन मुझे जो दिखता है, वही लिखना पड़ेगा."

हे त्या चिडून बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की आपण लाकूडच राहिलो असतो तर बरे झाले असते. इतकी वर्षे जो हिशेब मी मिरवला, त्याच हिशेबाने सुवर्णाचे काम बुडत होते.

तेवढ्यात दारात एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. लोटूदादांच्या गावचा महेश टेम्पोतून उतरला आणि माणसांना गठ्ठे उतरवायला सांगू लागला. परकरांचा मोठा लॉट होता आणि आठवड्यात हवा होता. आदल्या दिवशी सुवर्णा बाजारात गेली असताना लोटूदादांनी चहावर त्याला हो म्हटले होते. ती आता थक्क होऊन बघत होती. याच आठवड्यात इच्छापोरला गणवेशांचे नमुने द्यायचे होते. हा लॉट घेतला तर एकही यंत्र मोकळे राहिले नसते.

"मालकाशी बोलनं व्हयेल शे, वहिनी," महेश म्हणाला. "तुम्ही काय काळजी करू नका."

यंत्रे एकेक करून थांबली. धुरपदाबाईंचा हात चाकावरच राहिला. हेतलबेननी पेन खाली ठेवले. मला सुवर्णाची सवय माहीत होती. ती गठ्ठे आत घेणार, पदर खोचणार, आणि दिराचा शब्द राखण्यासाठी रात्रीचा दिवस करणार. असेच तर होत आले होते.

सुवर्णाने डोक्यावरचा पदर नीट केला. मग ती लोटूदादांसमोर येऊन उभी राहिली, आणि त्यांना नीट ऐकू जावे इतक्या मोठ्याने बोलली, "दादा, तुमना शब्द माले मोठा शे. पन हाऊ लॉट मी लेत नै. गठ्ठा परत जातीन."

लोटूदादांना आधी कळलेच नाही. मग कळले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांची बोटे माझ्या हातांवर आवळली. "तूच सांगेल व्हतं ना माले," ते म्हणाले, "कोनी उनं ते मीच मालक शे म्हनानं?"

"हा दादा. मीच सांगेल व्हतं. आते मीच सांगस, नका म्हनू."

तिने शब्द मागे घेतला नाही. महेशकडे वळून तिने तेच पुन्हा सांगितले, आणि पुढच्या कामाची बोलणी तिच्याशी करावीत हेही सांगितले. गठ्ठे टेम्पोत परत चढले. लोटूदादा माझ्या हातांवर जोर देऊन उठले, टोपी घातली आणि कोणाकडे न बघता निघून गेले. मित्रांनो, त्यांच्या वजनाची मला इतकी सवय झाली होती, की ते उठताच मला पोकळ वाटले.

हेतलबेननी सुवर्णाला माझ्यावर बसायची खूण केली. तिने मान हलवली. उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिने टेबलाशी उभ्याने दिली आणि मध्येच एका बाईची चुकलेली शिलाई उसवायलाही लावली. जाताना हेतलबेननी वहीतले एक पान फाडले आणि नवे लिहायला घेतले.

त्यानंतर लोटूदादा गाळ्यावर आले नाहीत. माझ्यावर दोऱ्याची रिळे आणि कापलेल्या बाह्या साचू लागल्या. सुवर्णा काम करता करता दाराकडे बघायची आणि पुन्हा कात्री उचलायची. नमुने वेळेवर गेले. नमुने पसंत पडले. तरी ती हसली नाही. संध्याकाळी बाया गेल्यावर ती एकदा माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून रडली. तेव्हाही ती बसली नाही.

मग एका दुपारी प्रमाणपत्र आले. मोबाईलवर आधी योगिताने वाचले. ती सर्वांत तरुण शिलाईवाली. मग सगळ्या बायांनी मिळून मोठ्याने वाचले, तरी सुवर्णाला पुन्हा वाचून हवे होते. धुरपदाबाईंनी तिच्या तोंडात गूळ घातला. या गडबडीत लोटूदादा केव्हा दारात येऊन उभे राहिले, ते कोणाला कळले नाही.

ते रुसून बसले नव्हते. इतके दिवस ते महेशचा लॉट घेणारा दुसरा कारखाना शोधत सुरतभर फिरत होते. शेवटी कतारगामात तो मिळाला, काम मार्गी लागले आणि त्यांचा शब्द खाली पडला नाही. या वेळी तो त्यांनी स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर राखला होता. एवढे सांगून ते दाराजवळच्या स्टुलावर टेकायला गेले.

सुवर्णाने माझ्यावरची रिळे उचलली, बाह्या उचलल्या आणि पदराने मला पुसले.

"दादा, आठे खुर्चीवर बठा."

लोटूदादा स्टूल सोडून माझ्याजवळ आले. मग सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मालकीननं सांगं म्हन्जे बठनंच पडी."

आणि ते बसले. माणूस तोच, गुडघे तेच, वजनही तेच. पण मित्रांनो, मी आजवर ज्यांना ज्यांना पेलले, त्यांत इतक्या हलक्या मनाने कोणी बसले नव्हते. सुवर्णा केव्हाच टेबलाशी जाऊन गणवेशाचे कापड पसरू लागली होती.

मला अजून बरीच वर्षे काम करायचे आहे. आम्हा खुर्च्यांना तुम्ही दिवाळीला पुसता, वेत सुटला तर विणून घेता, ते करत राहा. थोरांना आमच्यावर मानाने बसवा. पण आज घरी गेलात की माझ्यासाठी एक करा. पाहुणे आल्यावर, जेवणे चालू असताना, तुमच्या घरात कोण उभे असते ते बघा. त्या माणसाला नुसते बसा म्हणून मोकळे होऊ नका. घरात काय करायचे ते आधी त्याला विचारा, आणि ते सांगेल तसे करा.