छातीची तपासणी

ओमानमधल्या सोहारला औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खासगी रुग्णालय होतं. तिथल्या चौकशीच्या खिडकीत सबीहा बसायची. मूळची दापोलीकडची, पण वडील मस्कतला कापडाच्या दुकानात होते म्हणून शाळा तिथेच झाली. इंग्रजी आणि अरबी तिला सफाईनं यायचं, हिंदी रोजचीच होती आणि मराठी घरची. डॉक्टर सुदानी किंवा इजिप्तचे, नर्स बहुतेक केरळच्या, पेशंट कुठकुठले. त्यामुळे दिवसातून दहा वेळा कुणीतरी दारातून डोकं काढून हाक मारायचं, "सबीहा, यल्ला!" आणि ती खिडकी सोडून दुभाषी म्हणून धावायची. त्याचे वेगळे पैसे मिळत नसत. पण आपल्यावाचून अडतं, हे तिला मनातून आवडायचं.

२००२च्या ऑक्टोबरात रुग्णालयानं बायकांसाठी एक कार्यक्रम ठेवला. विषय होता स्तनांचा कर्करोग. डॉक्टर इल्हाम, सुदानी सर्जनबाई, इंग्रजीत बोलणार आणि सबीहा हिंदी-मराठीतून सांगणार असं ठरलं. तिकडची गुरुवारची आठवडी सुट्टी साधून साठएक बायका आल्या. आणि गाडी चालवून त्यांना घेऊन आलेले नवरे आणि मुलगे, तेही मागच्या खुर्च्यांवर येऊन बसले. बाहेर ऊन होतं, त्यांना जा तरी कसं म्हणणार? सबीहाचा नवरा मुजम्मिल ज्या कारखान्यात स्टोअरला होता तिथलेच दोघं त्यांच्यात होते. प्रशासनातला रमण कॅमेरा घेऊन अगदी पुढ्यात उभा.

डॉक्टर इल्हाम म्हणाल्या, दर महिन्याला अंघोळीच्या वेळी आपल्या हातानं स्तन दाबून पाहा, गाठ लागली तर दुखत नसली तरी लगेच या.

आदल्या रात्री सबीहानं वहीत 'स्तन' असा शब्द लिहून ठेवला होता. एरवी तो पुस्तकातच वाचायचा. मागच्या खुर्च्यांकडे नजर गेली आणि तो तिच्या तोंडून निघेना. हिंदीत ती म्हणाली, "सीने की जाँच". मराठीत म्हणाली, "छातीची तपासणी करून घ्या. छातीत काही त्रास वाटला तर लगेच या." आपल्या हातानं दाबून पाहायचं, ते तिनं गाळलंच.

तिसऱ्या रांगेतून एक साठीच्या बाई उठल्या. नाव हौसाबाई, साताऱ्याकडच्या. त्यांचा मुलगा अनुप वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. नवरा वारल्यावर त्यानं आईला इकडे आणलं होतं. सबीहा त्यांना ओळखायची, कारण मराठीत बोलायला मिळतं म्हणून त्या येता-जाता खिडकीशी थांबायच्या.

"पोरी, छातीचं म्हंजी खोकल्या-दम्याचंच ना?" त्यांनी विचारलं. "मला खोकला न्हाई बघ."

रमणनं कॅमेरा सबीहाकडे वळवला. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"हो मावशी, तसंच. खोकला नसेल तर काळजी नाही."

हौसाबाई खाली बसल्या. डॉक्टर इल्हामनी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"तब्येत बरी आहे म्हणतात."

जानेवारीत रुग्णालयाचा वार्षिक समारंभ झाला. 'वर्षातील उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून सबीहाचं नाव पुकारलं. परदेशी महिलांपर्यंत आरोग्याची माहिती पोचवल्याबद्दल, असं प्रशस्तिपत्रावर लिहिलं होतं. रमणनं तिचा फोटो मोठा करून लिफ्टशेजारी लावला. सबीहानं एक प्रत दापोलीला आईकडे पाठवली. त्या ऑक्टोबरची आठवण तिला झाली नाही असं नाही. पण टाळ्या वाजत होत्या, आणि साठ बायका आल्या होत्या हे तर खरंच होतं. तिनं स्वतःला तेवढंच सांगितलं.

मे महिन्यात अनुप आईला घेऊन आला. सून प्रणाली बाळंतीण होती, तिचं सगळं करता करता हौसाबाईंनी आपलं दुखणं अंगावर काढलं होतं. तपासणीच्या खोलीत पुरुषांना सोडत नसत, म्हणून अनुप बाहेर बसला. आत डॉक्टर इल्हाम, शुभदा नावाची नागपूरची नर्स आणि सबीहा.

हौसाबाईंनी पदर बाजूला केला. "या थानाला गाठ हाय," त्या सरळ म्हणाल्या. कसलाही आडपडदा नाही. शब्द इतका सोपा होता, आणि सबीहाच्या आजीच्या तोंडीही तोच असायचा.

डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, काखेतही चाचपलं. त्यांचा चेहरा उतरला. "किती दिवस आहे ही गाठ? विचार त्यांना. आणि आपल्या कार्यक्रमाला या आल्या होत्या ना? मग तेव्हाच का नाही दाखवलं?"

सबीहानं विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं हाय," हौसाबाई म्हणाल्या. "लिंबाएवढी बी नव्हती तवा. दुखत नव्हती. मी तर तुलाच इचारलं हुतं की गं, तूच म्हणालीस खोकला नसंल तर काळजी न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. विचारलं, तेवढं सांगितलं. सबीहानं डॉक्टरांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "सात-आठ महिने झाले. त्यांनी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही, असं म्हणतात."

डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर ते लिहिलं. शुभदा ट्रे घेऊन उभी होती. तिला मराठी येत होतं आणि इंग्रजीही. तिनं सबीहाकडे एकदा पाहिलं आणि मग हौसाबाईंचा पदर नीट करायला वाकली.

कॉरिडॉरमध्ये शुभदानं तिला गाठलं. "मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "पण त्या कागदावर त्या बाईच्या नावानं खोटं लिहिलं गेलंय. ते तुला माहिती आहे."

सबीहा खिडकीत जाऊन बसली. समोर कुणी काय विचारलं, तिनं काय सांगितलं, तिला कळत नव्हतं. ऑक्टोबरात ती लाजली होती, ते कुणीही समजून घेतलं असतं. पण आज खोलीत एकही पुरुष नव्हता. आज ती लाजली नव्हती. आज तिनं स्वतःला वाचवलं होतं, आणि तेही जिचा पदर अजून बाजूलाच होता त्या बाईच्या समोर, तिला न कळणाऱ्या भाषेत.

घरी तिनं मुजम्मिलला सांगितलं. "नोकरी जाईल," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण मलाही आता ते ठाऊक झालंय. तू कामावर निघालीस की माझ्या डोक्यात रोज तेच येणार."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर इल्हामकडे गेली आणि सगळं सांगितलं, ऑक्टोबरचंही आणि कालचंही. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी केसपेपर काढला, ती ओळ खोडली, सबीहानं सांगितलं तसं लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. "ऑक्टोबरात मलाही कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं वाक्य मी बोलले आणि तू दोन शब्दांत संपवलंस." पुढे म्हणाल्या, "आता त्यांना सांग. मी नाही सांगणार."

अनुपच्या फ्लॅटमध्ये पाळण्यात बाळ झोपलं होतं. हौसाबाईंच्या ऑपरेशनसाठी मुंबईची तिकिटं काढली होती, बॅगा दारातच होत्या. सबीहा बसलीच नाही, उभ्यानंच बोलली. बोलताना तो शब्दही आला, स्तन, अनुपच्या समोर. आता त्याचं काही वाटलं नाही.

अनुपनं ऐकून घेतलं. "मी मागे बसलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "मला इंग्रजी कळत होतं. तुम्ही काय गाळलंत ते मला कळलं होतं. मला वाटलं, घरी जाऊन मी सांगेन आईला. नाही सांगितलं. आईला असलं कसं सांगायचं?" मग एकदम त्याचा आवाज चढला. "पण माझं ते काम नव्हतं! तुमचं होतं! तुम्हाला तर बक्षीस मिळालं त्याचं!"

"हो," सबीहा म्हणाली.

हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या नावानं काय लिवलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लक्ष दिलं नाही, असं."

"मी लक्ष दिलं हुतं," हौसाबाई म्हणाल्या. "उठून इचारलं हुतं मी. चारचौघांत." त्यांनी तोंड फिरवलं. प्रणालीनं चहा ठेवला होता, पण घे असं कुणी म्हणालं नाही. थोड्या वेळानं सबीहा निघाली.

नोकरी गेली नाही. रमणला तिनं लिफ्टशेजारचा आपला फोटो उतरवायला सांगितलं तर तो म्हणाला, वार्षिक अहवालात छापून गेलाय, आता कशाला. एका दुपारी तिनं स्वतःच तो उतरवला आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. नंतरच्या ऑक्टोबरात डॉक्टर इल्हामनी तिलाच उभं केलं. पुरुषांना बाहेरच्या हॉलमध्ये बसवलं आणि सबीहानं बायकांना 'थान' म्हणून सांगितलं, हात कसा फिरवायचा तेही दाखवलं. दोन बायका हसल्या. चौघी-पाचजणी मागे थांबून विचारत राहिल्या.

हौसाबाई सोहारला परतल्या नाहीत. मुंबईत ऑपरेशन झालं, मग केमो. सात महिन्यांच्या उशिरानं किती फरक पडला, हे तिथल्या डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. सबीहाला हे शुभदाकडून कळलं. अनुप बाळाच्या लशींसाठी यायचा तेव्हा लांबच्या काउंटरवर जायचा, तिथे रांग असली तरी.

एकदा ते काउंटर बंद होतं. प्रणाली बाळाला कडेवर घेऊन सबीहाच्या खिडकीशी आली आणि लशीचं कार्ड सरकवलं. सबीहानं नोंद केली, शिक्का मारला. कार्ड परत देताना तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"आई कशा आहेत?"

प्रणालीनं कार्ड पिशवीत ठेवलं. "केस येताहेत परत," ती म्हणाली.

अनुप मुख्य दाराशी काचेबाहेर, उन्हात उभा होता. तो आत आला नाही.