बाहेरच्यांनी हात वर करावेत

दुबईवर केवढं संकट कोसळलंय, हे मला आमच्या मंडईच्या पत्रकावरून कळलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यातले सोयरे त्या गावात. पाळणे, जिलेबी, नाटकाचा मांडव, आणि लग्नाच्या पोरापोरींकडे बघत बघत हिंडणारी मोठी माणसं. यंदा मंडई समितीचे अध्यक्ष भैयाजी रहांगडाले यांनी त्यात सकाळची वक्तृत्व स्पर्धा घातली. विषय : 'मोठ्या शहरांत परदेशी नागरिकांचे वाढते प्रमाण, एक भीषण संकट'. खाली अट : 'स्पर्धा फक्त गावातील रहिवाशांसाठी. बाहेरच्यांना प्रवेश नाही.' (गेल्या वर्षी धावण्याचं बक्षीस शेजारच्या गोरेगावचा पोरगा घेऊन गेला, ते भैयाजींना अजून लागलं होतं.) आणि त्याच्याही खाली, अर्धं पत्रक व्यापून, काळा चष्मा लावलेला एक तरुण, मागे काचेची उंच इमारत : 'सौजन्य, चि. हिमांशू भैयाजी रहांगडाले, दुबई'.

हे सगळं एकाच कागदावर होतं आणि गावात कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही. मला फक्त पहिला नंबर दिसत होता.

कारण नागपूर. आमच्या मॅडमनी डिसेंबरमधल्या नागपूरच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी माझं नाव घेतलं होतं. दोन दिवस मुक्काम. बाबा म्हणाले, "पोट्टीची जात, दोन दिवस नागपुरात कायले?" मी रडले, जेवले नाही, मग गुपचूप जेवले. शेवटी बाबांनी तोड काढली : "आधी मंडईत पहिला नंबर आन. मंग पाहू." आमचे बाबा, लीलाधर पटले, एकदा बोलले की बोलले. गावात त्यांचा तसा लौकिक आहे आणि घरात त्याचा त्रास.

आता परदेशी नागरिक मी कुठून आणणार? माझ्या ओळखीचा परदेशात एकच माणूस. मी हिमांशूदादाला व्हिडिओ कॉल लावला. तो खालच्या पलंगावर बसून पाय चोळत होता. वरच्या पलंगावरून कुणाचं तरी पाऊल लोंबत होतं.

"दादा, तुझ्या शहरात परदेशी किती?"

"शंभर माणसं उभी कर," तो म्हणाला. "त्यातले नव्वद बाहेरचे. हा वरचा नेपाळचा. तो भात शिजवून राहिला तो केरळचा. कोपऱ्यातला ढाक्याचा."

"आणि तिथला? असली तिथला माणूस?"

दादा विचारात पडला. "एक पाहिलो होतो मी. कागदावर शिक्का मारून राहिला होता."

"मग संकट कोण आहे रे?"

"कोनतं संकट?"

मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. तो इतका हसला की वरचं पाऊल घाबरून वर गेलं. "बाबानं माझ्याच पैशानं छापलं ना ते?"

तेव्हा माझं भाषण तयार झालं.

मंडईच्या दिवशी सकाळी भैयाजींचा भाचा टिंकू गोंदियाहून मोटारसायकलवर आला. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. वय कितीही असो, मामाने त्याच्या पाया पडायचं. साठीचे भैयाजी भर चौकात वाकले आणि दहावीतल्या टिंकूने च्युइंगम चघळत एका हाताने आशीर्वाद दिला. मग भैयाजींनी खिशातून चार पानं काढून त्याच्या हातात ठेवली. "हे घे भाषन. पाठ नाही झालं तर वाच."

मांडव गच्च भरला होता. पहिल्या रांगेत भैयाजींची बायको रुख्माकाकी, मागे पाहुण्यांची खेचाखेच. आमच्या आईला स्वयंपाक टाकून येता येत नव्हतं आणि भाषण सोडवतही नव्हतं, म्हणून ती पिठाच्या हातांनी मांडवाच्या कडेला उभी होती.

टिंकूने चार पानं वाचली. परकीय लोक शहरात येतात, स्थानिकांचा घास हिरावतात, आपली खाणीपिणी आणतात, वगैरे. मध्येच पानं मागेपुढे झाली, तेव्हा स्थानिकांनीच परकीयांचा घास हिरावला, पण टाळ्या तेवढ्याच पडल्या.

मग मी. माइक हातात घेतला. मी दुबईचे शंभर लोक सांगितले, त्यातले नव्वद सांगितले, दादाची खोली सांगितली, वरचं पाऊलही सांगितलं. म्हटलं, "हे नव्वद जण संकट असतील, तर त्यातल्या एकाचा फोटो तुमच्या हातातल्या पत्रकावर आहे." मांडवात खसखस पिकली. भैयाजींनी टोपी नीट केली.

"आता आपल्या गावाचं पाहू," मी म्हणाले. "जे या गावचे नाहीत, बाहेरून आले, त्यांनी हात वर करावेत."

मला वाटलं होतं, पाचपन्नास हात येतील. पण मंडईचा दिवस! सोयऱ्यांनी हात वर केले. जिलेबीवाल्याने झारा वर केला. मग बायका. लग्न होऊन आलेल्या साऱ्याच. कडेला आईचा पिठाचा हात वर गेला, बालाघाटकडचा. मांडवभर नुसते हात. आणि व्यासपीठावर माझ्या शेजारी टिंकूनेही हात वर केला, एकदम उत्साहात.

मागून आमच्या शेजारची जमुनाबाई ओरडली, "अवं बाप्पा! थो तं स्पर्धेतला पोरगा! थो बी बाहेरचाच का?"

अट सगळ्यांच्या हातात छापलेली होती. टिंकू बाद! मला नागपूरचं स्टेशन दिसायला लागलं.

भैयाजी उठले. "काऊन बोंबलता? भाचा कधी बाहेरचा असते का? ज्याच्या पाया पडतो आपन, तो घरचा."

"बरं," रुख्माकाकी खालूनच म्हणाली. बाईमाणसांत हात खाली असलेली ती जवळपास एकटीच. ती या गावचीच लेक, आणि भैयाजी घरजावई. "मंग तुमी? तुमचा हात कुठं हाय जी?"

"मी? मी तीस वर्षांपासून इथंच राहून राहिलो!"

"हिमांशू बी दुबईत असाच म्हनल एक दिवस. करा वरतं हात."

इतकं हसू मी त्या मांडवात नाटकालाही ऐकलं नव्हतं. भैयाजींचा हात वर गेला नाही, पण खालीही राहिला नाही. तो मध्येच कुठेतरी थांबला आणि मग त्यांनी त्याच हाताने माइक मागितला. ते उगाच अध्यक्ष झालेले नाहीत.

"बंधूंनो, भगिनींनो," ते म्हणाले, "आचलनं डोळे उघडले आपले. मंडईच्या दिवशी गावात बाहेरचा कोनीच नसते. सारे इथले! बोला, खरं का नाही?"

साऱ्यांनी हात खाली घेऊन टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सारे इथले, म्हणजे टिंकूही इथला.

भैयाजींनीच निकाल वाचला : पहिला नंबर टिंकू. स्पष्ट वाचन. दुसरा नंबर आचल पटले. विषय सोडून बोलली. भैयाजींनी टिंकूला ढाल दिली आणि पुन्हा एकदा पाया पडले. "मामा," टिंकूने विचारलं, "मगर वो संकट तो खतम हो गया ना?"

माझा मुद्दा जिंकला होता, म्हणूनच मी हरले होते.

दुपारी पाहुण्यांची पंगत उठली आणि घरचे जेवायला बसलो. मी पानात बोट फिरवत होते. बाबा म्हणाले, "बोलली चांगली. पन दुसरा आला. ठरलं ते ठरलं."

आजी, दात नसल्याने वरणात भात कालवत बसलेली, म्हणाली, "लीलाधर, तुह्या घरात बाहेरचे किती गा?"

"आता हे काय नवीन?"

"मी डोंगरगडकडची. सून बालाघाटची. चारात दोन." आजीने उष्टा हात वर केला. "आचलनं नागपूरले जावं असं ज्याईले वाटते, त्याईनं हात वर करा."

आईने भाताचं भांडं खाली ठेवलं. हात वर केला. "मी जातो संग," ती म्हणाली. मी तर दोन्ही हात वर केले.

बाबांनी आमच्या चौघींच्या, म्हणजे आम्हा तिघींच्या चार हातांकडे पाहिलं. मग भाताच्या भांड्याकडे.

"आन दोन दिवस इथं भात कोन रांधन?"

"जो इथला," आजी म्हणाली, "तो."