धम्मदिनाचं जास्तीचं वर्ष

नारपोलीतल्या एका हायस्कूलमध्ये जिन्याखाली पत्र्याचं एक कपाट आहे. त्या कपाटात, फुटक्या कॅरम बोर्डाच्या मागे, हवा गेलेला एक बास्केटबॉल पडला आहे. मित्रांनो, तो मी. असं नाक मुरडू नका. अंगावरचे दाणे झिजून मी गुळगुळीत झालो आहे, कबूल. एका बाजूने पोचाही आला आहे. पण एके काळी मला घरी न्यायला मुली भांडत असत, हे लक्षात ठेवा.

माझा जन्म जालंधरचा. रबराचं पोट, त्यावर नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे, वर नारिंगी कातडी आणि काळ्या रेघा. अकरा भावंडांबरोबर ट्रकमधून मी भिवंडीच्या एका गोदामात येऊन पडलो. भिवंडीत गोदामांना काय तोटा! तिथे सहा महिने झोपा काढल्या. मग एके दिवशी ऋतिका मॅडम आल्या. त्या या शाळेत खेळ शिकवतात. मुलींसाठी एक धड बॉल द्या म्हणून त्यांनी शाळेकडे तीन वर्षं तगादा लावला होता, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

शाळेचं मैदान म्हणजे काय सांगू! सिमेंटचं अंगण, दोन लोखंडी खांब, दोन गंजक्या रिंगा. जाळीचा पत्ता नाही. पलीकडच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमची खटखट दिवसभर चालायची आणि कापसाची पांढरी धूळ उडून माझ्या अंगावर बसायची. मेघाली नावाची एक मुलगी होती, तिच्या बाबांचा लूमचा गाळा होता. तिने तिथून वाया गेलेलं सूत पोतंभर आणलं, आणि मुलींनी बसून दोन जाळ्या विणल्या. त्या जाळीतून मी पहिल्यांदा खाली उतरलो तेव्हा जो 'सुर्र' आवाज झाला, त्याने सगळ्या नाचल्या होत्या.

आमची टीम चौदा वर्षांखालची. मुली मोजून सात. त्यांचा एक नियम होता, सामन्यात शेवटची बास्केट जी करील तिने त्या रात्री मला घरी न्यायचं. त्या नियमाने मी सातापैकी सहा घरं क्वचितच पाहिली. कारण शेवटची बास्केट बहुतेक वेळा धम्मदिनाचीच असायची.

धम्मदिना नववीतली. अंगाने काडी, पण पायात वारा. बाप लहानपणीच गेलेला. आई कलावती एका दवाखान्यात आयाची ड्युटी करायची. घरी दिवसभर असायचे ते आजोबा, कोंडू. त्यांनी आयुष्यभर नगरपालिकेत पाणी सोडायच्या व्हॉल्व्हवर ड्युटी केली होती, त्यामुळे त्यांचे हात मोठे आणि मनगटं भक्कम. नातीने मला घरी आणलं की ते मला मांडीवर घ्यायचे, ओल्या फडक्याने पुसायचे आणि बोलत बसायचे. मला 'बॉलशेट' म्हणायचे. आता मला कुणी शेट म्हटलेलं आवडणार नाही का? मी फुगूनच बसायचो.

एकदा घरात कुणी नसताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

"आईक बॉलशेट. दिनाला मी शाळंत घातली ना, तवा ती पाचाची होती. आई ड्युटीवर, मी ड्युटीवर. पोर दिवसभर गल्लीत, टेम्पोंच्या मधी. मी गुरुजींना बोललो, साची हाय, घ्या. गुरुजी हसले. एक जून तारीख टाकली, पोर सा वर्साची करून टाकली. वर बोलले, बाबा, कुनाला बोलू नका हां, न्हाय तर नाव कटंल."

गुरुजींनी ते हसत म्हटलं होतं. तसले विनोद गुरुजी दिवसातून दहा करत असतील. पण कोंडूआजोबांनी तो विनोद आठ वर्षं उराशी बाळगला. कारण त्यांचं स्वतःचं नाव एकदा कटलं होतं. ते दुसरीत असताना आईबाप वीटभट्टीवर गेले, पोरालाही घेऊन गेले. पावसाळ्याच्या तोंडाला परत आले तर पटावरून नाव गेलेलं. पुन्हा त्यांना कुणी वर्गात बसवलं नाही. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ते दिनाची प्रगतिपुस्तकं रचून ठेवायचे, पहिलीपासूनची. त्यांना वाटायचं, खरं कळलं की ही सगळी एका फटक्यात रद्द होतील.

पुढे आधार कार्ड काढताना कलावतीने दवाखान्याचा जन्माचा दाखला नेला, त्यामुळे आधारवर खरी तारीख आली, अकरा फेब्रुवारी. शाळेत एक तारीख, आधारवर दुसरी. दोन कागद कुणी कधी शेजारी ठेवलेच नाहीत; खेळाच्या अर्जाबरोबरही फक्त आधारच जायचं.

आणि मग तो हंगाम आला. मित्रांनो, काय हंगाम होता! तालुक्याचे तीनही सामने आम्ही मारले. मॅडमनी सरावासाठी आम्हाला एसटीने गणेशपुरीला नेलं. तिथल्या मुली अनवाणी खेळत होत्या आणि त्यांनी आम्हाला धूळ चारली. आमच्या पोरींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते! येताना अकलोलीच्या गरम कुंडावर सगळ्या पाय सोडून बसल्या. मेघाली म्हणाली, "काय गो दिना, हरलीस तरी हसतेस?" दिना म्हणाली, "अगं, त्या अनवाणी जिंकल्या. आपण बूट घालून हरलो. मग हसू नको तर काय करू?" मला तिने मांडीवर धरलं होतं. वाफेने माझं अंग ओलं झालं होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

जिल्ह्याचा अंतिम सामना दोन गुणांनी जिंकलो. शेवटची बास्केट कुणाची, हे काय सांगायला हवं? त्या संध्याकाळी मॅडम दिनाच्या घरी आल्या. विभागाचे सामने पनवेलला होते, आणि तिथे क्रीडा वसतिगृहाची निवड करणारे लोक येणार होते. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिथेच. फक्त चौदाच्या आतल्या मुली घेणार होते.

"बाबा, हिची एवढी एकच संधी," मॅडम म्हणाल्या. "पुढल्या वर्षी वय निघून जाईल, शिवाय दहावी. तुम्ही पण चला पनवेलला. बघा तुमची नात कशी खेळते ती."

दिना त्या रात्री झोपली नाही. मला पोटाशी धरून आईला विचारत राहिली, तिथे आंघोळीला गरम पाणी असेल का, तू दर रविवारी येशील ना.

पनवेलला आजोबा धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून आले. मोठ्या सामन्यात बॉल आयोजकांचा असतो, आम्हा शाळेच्या बॉलना कोण विचारतो! म्हणून दिनाने मला पिशवीत घालून आजोबांच्या हवाली केलं होतं.

सामन्याआधी मुली अंग मोकळं करत होत्या, इतक्यात समोरच्या टीमच्या सरांनी हरकत घेतली. "ही नंबर सात नववीत आहे ना? नववीतली मुलगी चौदाच्या आत कशी?" तपासणीच्या टेबलावर चांगदेव सर म्हणून एक वयस्कर पंच होते. त्यांनी मॅडमकडून शाळेच्या रजिस्टरचा उतारा मागून घेतला आणि आधार कार्डाच्या शेजारी ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते दोन कागद शेजारी आले. आधारप्रमाणे मुलगी तेरा पूर्ण. शाळेप्रमाणे चौदा होऊन गेलेली.

मॅडमचा चेहरा उतरला. पण चांगदेव सर भला माणूस. म्हणाले, "असं होतं पुष्कळ ठिकाणी. घरचं कुणी आलंय का?"

आजोबा पुढे गेले. मी त्यांच्या काखेत होतो.

"बाबा, घाबरू नका. शाळेत घालताना वय वाढवून सांगितलं होतं का? तसं असेल तर इथे लिहून द्या, अंगठा चालेल. मुलगी आत्ता खेळेल. पुढचं आम्ही बघतो."

अहो, एवढंच होतं! एक हो म्हणायचं, आणि दिना मैदानात! मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हणा हो, आजोबा, म्हणा! पण त्यांचा हात माझ्यावर असा आवळला की माझा श्वास कोंडला. त्यांना त्या टेबलावर फक्त पट दिसत होता, आणि त्यावरून कटणारं नाव.

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "शाळंत लिवलंय तेच खरं हाय."

"आजोबा!" दिना म्हणाली. "खरं सांगा ना. मी फेब्रुवारीतली आहे. आई सांगते ना नेहमी."

"तुला काय म्हायती? शाळंचा कागद खोटा न्हाय."

चांगदेव सरांनी पुन्हा विचारलं. मॅडमनी हात जोडून विचारलं. आजोबांनी मान वर केली नाही, तेच वाक्य परत म्हटलं. मग सरांनी चष्मा काढला आणि यादीतल्या सात नंबरवर रेघ मारली.

दिना रडली नाही. तिने सात नंबरची जर्सी काढून मॅडमना दिली आणि शाळेच्या कुडत्यात बाकावर येऊन बसली, आजोबांपासून दोन हात लांब. सहा मुली जीव तोडून खेळल्या. मेघालीचा गुडघा फुटला तरी ती उठली. तीन गुणांनी हरलो. निवड करणारे लोक वहीत काहीतरी लिहून चहाला निघून गेले. त्यांनी दिनाला खेळताना एकदाही पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर कलावतीने दिनाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. "बाबा, काय केलंत हे?" तेव्हा त्या मोठ्या हातांच्या माणसाने तोंड झाकलं. "नाव कटलं असतं गो," ते म्हणाले. "सगळी शाळा कटली असती तिची."

सोमवारी मॅडम त्यांना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी मॅडमच्या हातात होतो. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एवढंच ना? जन्माचा दाखला जोडून अर्ज द्या. तारीख दुरुस्त होते, दहावीच्या आधी कधीही. नाव कशाला कटेल?"

आजोबांनी तीनदा विचारलं, "न्हाय ना कटनार? नक्की?" मग ते तिथेच खुर्चीत बसून राहिले. आठ वर्षं ज्याला घाबरले ते भूतच नव्हतं, आणि त्या भुतापायी नातीचं वसतिगृह गेलं होतं. मित्रांनो, मी बॉल आहे, मला अश्रू नाहीत. असते तर त्या दिवशी मी रडलो असतो.

अर्ज आजोबांनी स्वतःच्या सहीने दिला. दुसरीपर्यंतची अक्षरं त्यांना येतात. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीच्या शेवटी दुरुस्त तारखेचा उतारा हातात आला. दिना मला शाळेत परत करायला निघाली होती, अभ्यास वाढला म्हणून. दारातच आजोबा भेटले. कागद उघडून एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचलं, "अ-क-रा फे-ब्रु-वा-री." आणि लहान मुलासारखे हसले.

"झाला बग कागद बरोबर! आता घेतील ना गो तुला त्या वसतिगृहात?"

अकरा फेब्रुवारी दोनच आठवड्यांपूर्वी होऊन गेली होती. दिनाला खरोखरची चौदा वर्षं पूर्ण झाली होती. आता कागद बरोबर होता आणि वय निघून गेलं होतं.

दिनाने आजोबांकडे पाहिलं. मी तिच्या छातीशी होतो, आत काय चाललं आहे ते मला ऐकू येत होतं.

"घेतील ना, आजोबा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी."

नंतर तिने मला या कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं. दिना दहावीत गेली, मेघाली आणि बाकीच्या मुलींचंही चौदाचं वय उलटलं. नवीन टीम अजून उभी राहिली नाही. माझ्यातली हवा हळूहळू गेली, त्याचं मला फारसं दुःख नाही. बॉल जुना व्हायचाच. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस एखाद्या कागदाला, एखाद्या शब्दाला उगाच घाबरून गप्प बसत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, तुम्हाला कशाची भीती वाटते? आणि वेळ असतानाच विचारा. आमच्याकडे आठ वर्षांत हे कुणी विचारलं नाही, आणि मला तर बोलताच येत नव्हतं.

कोंडूआजोबा अजूनही अधूनमधून पांढरी टोपी घालून शाळेच्या गेटवर येतात. कपाटातून मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

"मॅडम, दिनाचे ते वसतिगृहवाले कधी येनार?"

ऋतिका मॅडम म्हणतात, "कळलं की सांगते, बाबा."