उंबऱ्याबाहेरचा नवस

हेब्रोनच्या बाजारात होग्लाच्या मनुकांच्या ढेपा सगळ्यांत आधी संपायच्या. पण त्या वर्षी तिने स्वतः एक मनुकाही तोंडात टाकली नव्हती. किनाऱ्याकडचा एक व्यापारी तिला चिडवायचा, "विकणारीच चाखत नाही म्हणजे मालात काहीतरी गोम आहे, बाई!"

"गोम माझ्या नशिबात आहे, बाबा. माल गोड आहे. घ्यायचा तर घे, नाहीतर पुढच्याला जागा दे."

तिचा एकुलता एक एल्दाद मिठाच्या तांड्याबरोबर दक्षिणेला गेला होता. वाटेत लुटारूंनी तांडा लुटला आणि तरणी पोरं धरून नेली. नवरा आधीच गेलेला. होग्ला आमच्या गावात भावाच्या घरी आली आणि नाजीराचा, म्हणजे देवाला वाहून घेतलेल्याचा, नवस बोलली. द्राक्षाची साल म्हणू नका, बी म्हणू नका, काहीच खायचं नाही. केसांना कात्री लावायची नाही. आणि जिथे प्रेत असेल त्या छपराखाली पाऊल टाकायचं नाही, मग ते जन्मदात्याचं का असेना. मांडवांच्या सणाच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की नवस पुरा. देवाशी केलेला हा सौदा नव्हता हो. आईचं गाऱ्हाणं होतं ते.

आमच्या गावाला दर हंगामात शबन्या लेवी यायचा, मंदिरात गाणाऱ्या आणि शास्त्र जाणणाऱ्या कुळातला. द्राक्षकुंडाच्या काठावर बसून वीणा छेडायचा आणि रानात तहानेने व्याकूळ झालेल्या आमच्या वाडवडिलांना देवाने खडकातून पाणी कसं पाजलं ते गाऊन सांगायचा. त्याचा आवाज चढला की कुंडात द्राक्षं तुडवत नाचणारे पाय आपोआप थांबायचे. होग्ला सगळ्यांत पुढे बसायची. "ज्याने खडक फोडला त्याला माझ्या पोराची बेडी तोडायला कितीसा वेळ?" असं म्हणत डोळे पुसायची. मलाही ते पटायचं. त्या गाण्यानंतर न पटण्यासारखं काही उरायचंच नाही.

सणाच्या तोंडावर तिचे वडील, म्हातारे पदाया, अंथरुणाला खिळले. सणात सगळं गाव फांद्यांच्या मांडवात राहतं. म्हातारा हट्टाला पेटला, "मांडव दाराशीच घाला. मला पडल्या पडल्या दिसू दे." भावाने खजुरीच्या फांद्या दाराच्या चौकटीवरच टेकवून मांडव घातला आणि यरुशलेमला वेदीपाशी गेला.

शेवटच्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्याला घरघर लागली. होग्ला घरातून उठली आणि बाहेर मांडवात येऊन बसली.

तिची भावजय अतारा दारात आली. "वन्सं, बाप हाका मारतोय आणि तुम्ही इथे केस राखत बसलाय?"

"केस नाही गं राखत, अतारा. पोर राखतेय."

आतून क्षीण आवाज आला. "होग्ला, आत ये की."

"इथेच आहे, आबा. दिसतेय ना मी?"

"दिसतेस. हात पोहोचत नाही."

"एल्दाद आला की दोघं मिळून पाय चेपतो तुमचे."

"तो? तो लेकाचा एका हाकेला कधी आलाय?" म्हातारा हसायला गेला आणि खोकला. होग्लाही हसली. मग तिने पदर तोंडात कोंबला. दुपारभर तो मधूनमधून तिचं नाव घेत राहिला आणि ती "आहे, आबा" म्हणत राहिली.

उन्हं कलताना आतली हाक थांबली. अताराने हंबरडा फोडला. होग्लाने मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरला, पण जागची हलली नाही. सूर्य मावळायला थोडाच अवकाश होता.

रडणं ऐकून शबन्या धावत आला. मांडवापाशी येताच तो एकदम थबकला. त्याची नजर फांद्यांवरून सरकत सरकत चौकटीपर्यंत गेली.

"होग्ला, श्वास गेला तेव्हा तू इथेच होतीस?"

"इथेच होते, दादा. उंबरा ओलांडला नाही. विचारा हिला."

शबन्याने वर बोट दाखवलं. "बाई... फांद्या घराला टेकल्यात. मध्ये आभाळ कुठेच नाही. घराचं आणि मांडवाचं छप्पर एकच झालंय गं. शास्त्राने तू आतच होतीस."

दिवसभर टोमणे मारणारी अताराच उसळली. "काय बोलता दादा! चार फांद्यांचं कसलं आलंय छप्पर? काढा त्या! आत्ता ओढून काढते मी!"

"गेलेली वेळ ओढून काढता येते का, पोरी?"

"म्हणजे माझे इतके दिवस?" होग्लाने विचारलं.

"वाया गेले. केस उतरवायचे, पारव्यांचं अर्पण द्यायचं आणि नवस पहिल्यापासून धरायचा." त्याने मान खाली घातली. "सकाळी आलो असतो तर बघितलं असतं गं मी."

होग्ला त्याच्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता आत जायला हरकत नाही ना?"

"नाही."

ती आत गेली. म्हाताऱ्याचा हात पांघरुणाबाहेर, दाराच्या बाजूला पडला होता. तिने तो उचलून आपल्या गालाला लावला. मग अताराकडून पाण्याचं भांडं घेतलं आणि त्याचे पाय धुवायला बसली, सावकाश, एकेक बोट चोळून. बाहेर शबन्याने शोकाचं गाणं धरलं.

मातीहून परतताना त्याने तिला हळूच विचारलं, "नवस पुन्हा धरशील ना? देव ऐकतो, बाई."

"ऐकत असेल, दादा," होग्ला म्हणाली. "मीही दिवसभर आबांची हाक ऐकत होते. पण नुसतं 'आहे, आहे' म्हणत बाहेर बसून होते."